येतो न म्हणणारा कोळसा

तुमच्या घरातून कोळसा निघतो, तेव्हा काय म्हणून निघतो? आमचा काहीच म्हणेना, म्हणून त्याला निघता येत नव्हतं.

निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, ही रीत तुमच्याकडेही असेलच. पण माझ्या नणंदबाई, वत्सलावन्सं, नोकरीभर बसस्टँडच्या चौकशी खिडकीत बसल्या. त्या नुसत्या 'येतो'वर सोडत नाहीत, 'कधी?' असंही विचारतात. ऊन संध्याकाळी अंगणातून निघताना 'सकाळी' म्हणतं, आणि येतं. वारा नक्की वेळ सांगत नाही, पण येतो. बाभळीचं सरपण म्हणालं होतं, "येतं, पण रोप लावा आणि दहाबारा वर्षं धरा." वन्संनी त्याच दिवशी कुंपणाशी रोप लावलं.

माझी लेक केतकी सातव्या महिन्यात होती आणि एका रात्रीपुरती माहेरी आली होती. तिला निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत हवं होतं. शेगडीत दगडी कोळशाचा एकच मोठा खडा उरला होता. मी खाली कागद घालून काडी लावली. कागद जळाला, खडा पेटेना.

"ओला आहेस का?" मी विचारलं.

"नाही हो बाई. पण पेटलो म्हणजे निघालो," कोळसा म्हणाला. "आणि दारात त्या बसल्या आहेत."

वन्सं उंबऱ्याशी वांगी पुसत होत्या. "मग येतो म्हण ना. तोंड दुखतं का?"

"यायला पंचवीस-तीस कोटी वर्षं लागतील. आधी दलदल हवी, तिच्यात झाडं गाडली जायला हवीत, मग वर माती-दगडांचा दाब. तोवर तुम्ही असाल इथे?"

वन्संनी प्रामाणिकपणे विचार केला. "गुडघ्यांचं काही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण सिलिंडर म्हणतो की येतो."

"टाकी येते. आतला गॅस दुसराच असतो. तोही जमिनीखालचाच, माझ्यासारखा संपणारा."

वन्संनी पुढचं वांगं पुसायला घेतलं. न येणाऱ्या गाडीची वेळ त्यांनी खिडकीतून कधी कुणाला सांगितली नव्हती.

"आत्या, मी उद्या सकाळी चालले," केतकी भिंतीला टेकून म्हणाली. "मग कुठलं भरीत."

"काय म्हणालीस?"

"येते. उद्या सकाळी येते. पण भरीत खाऊन येते."

मी शेगडीशी वाकले. "एकदा नियम मोडू या बाबा. हळूच जा."

"मला ऐकू येतंय," वन्सं म्हणाल्या.

"माझं काही नाही," कोळसा म्हणाला. "पण नंतर तुम्ही दाराकडे बघत बसाल."

मग वन्सं गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि परसातून शेजारच्या शेवंताला हाक मारली. शेवंताकडे म्हैस आहे.

"गोवऱ्या आहेत का गं?"

"आहेत न. भिंत भरली हाय," शेवंता म्हणाली आणि टोपलंच घेऊन आली.

वन्संनी वरच्या गोवरीला विचारलं, "येते म्हणशील?"

"येते," गोवरी म्हणाली.

"कधी?"

"म्हैस उद्या चरली की थापा. उन्हात वाळले की आलेच."

"तिले दुसरं काम काय हाय," शेवंता म्हणाली.

मी कोळसा शेगडीतून बाजूला काढला. गोवऱ्या लगेच पेटल्या. वांगी काळी होऊन फुटली, घरभर धूर झाला, आणि केतकीनं भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं.

"याचं काय करायचं?" मी कोळशाकडे बघत विचारलं.

"राहू दे. त्याला कुठे घाई आहे," वन्सं म्हणाल्या. त्यांनी तो पदरानं पुसून दाराजवळच्या फळीवर ठेवला. पदर काळा झाला, तो त्यांनी तसाच खोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन सांगितल्याप्रमाणे आलं. केतकीनं पिशवी उचलली, वन्संच्या पाया पडली आणि उंबऱ्यावरून म्हणाली, "येते, आत्या." वन्सं तिच्या पिशवीचा बंद सारखा करत राहिल्या. तेव्हा फळीवरून कोळशानं विचारलं, "कधी?"

"बाळंतपणाला."

"ये," तो म्हणाला. "मी आहे."

मग केतकी यायला निघाली.