प्रोसेसरला ताप

प्राध्यापक रंगनाथ ढाकणे यांनी शुक्रवारी सकाळी कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण उघडलं, शेजारी स्टुलावर टेबलफॅन ठेवला, त्याचा सगळा वारा पेटीत सोडला आणि बायकोला हाक मारली, "विजया, किती झालं बघ गं!"

विजयमालाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि येऊन पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा वाचला. "एकोणसत्तर. मघाशी सहासष्ट होतं. अहो, हे उतरायच्या ऐवजी चढतंय!"

मे महिन्यात शेवगावात बाहेरच बेचाळीस असतं. तेव्हा प्रोसेसरनं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूनं, तापू नये ही अपेक्षा जरा जास्तच होती. पण तो आपण होऊन तापला नव्हता, प्रोफेसरांनी त्याला तापवला होता. पुण्यात कॉम्प्युटरच्या दुकानात काम करणारा त्यांचा मेहुणा प्रवीण एकदा बोलून गेला होता, की हा प्रोसेसर तीनशेच्या वेगाचा असला तरी साडेचारशेनं पळवता येतो, फक्त तापमान सांभाळायचं. तीन हॉर्सपॉवरच्या मोटरीनं साडेचारचं पाणी ओढायचं, त्यातलाच प्रकार. ज्या तालुक्यात उन्हाळाभर मोटरी जळतात, तिथल्या माणसाला तरी हे कळायला हवं होतं. पण हात दाखवून अवलक्षण करायला शिक्षण आड येत नाही.

घाईला कारण होतं. तालुक्यातल्या विहिरी आणि त्यांचं पाणी या विषयावर प्रोफेसर अकरा वर्षं पीएच.डी. करत होते. दोनदा मुदत वाढवून झाली होती. आता सोमवारी दुपारी बारापर्यंत गाईडच्या सहीसकट प्रबंध पुण्याला पोचला नाही, तर नाव कायमचं कटणार होतं. आणि गाईड सही करत नव्हते. चौथं प्रकरण त्यांनी नऊ वेळा परत पाठवलं होतं. दर वेळी लाल पेन्सिलीनं एकच शेरा, 'नकाशा समाधानकारक नाही. पुन्हा करावा.' बाराशे विहिरींचा तो नकाशा उमटायला चाळीस मिनिटं लागत. साडेचारशेच्या वेगानं तो सत्तावीस मिनिटांत निघाला असता, पण विसाव्या मिनिटाला कॉम्प्युटर थिजत होता. तेरा मिनिटं वाचवायच्या नादात चार दिवस गेले होते.

"तीनशेवरच चालवा ना," विजयमालाबाई दहाव्यांदा म्हणाल्या.

"एकदा सत्तरच्या खाली राहिला की झालं गं. तू प्रवीणदादाला फोन करून विचार. मी हललो तर पंखा कोण धरेल?"

बाईंनी वाद घातला नाही. गेली तीन वर्षं प्रोफेसर लग्नकार्याला जात नव्हते, कारण मांडवात कोणीतरी हमखास विचारायचं, "झालं का डॉक्टर?" नवऱ्याचं उतरलेलं तोंड पाहण्यापेक्षा पंखा धरलेला नवरा त्यांना बरा वाटत होता. त्या चपला घालून कोपऱ्यावरच्या पुंजारामच्या एसटीडी बूथवर गेल्या.

बूथला काचेचं दार होतं, पण ते लागत नव्हतं.

"दादा, प्रोसेसर फार तापलाय रे. आत्ता निघताना सत्तर. चार दिवस झाले... पंखा लावलाय ना, अगदी तोंडाशी. तरी उतरत नाही. मधेच गप्प होतो. काही केलं तरी हलत नाही, मग दहा मिनिटं तसाच पडून... हो, अंगावरचं सगळं काढलंय, उघडाच ठेवलाय."

बाहेर पुंजाराम बशीतला चहा तोंडाशी नेता नेता थांबला.

"मलम? कुठं, डोक्यावर? किती लावायचं?... तांदळाच्या दाण्याएवढंच? बरं. आणि त्यानंही नाहीच उतरला तर?" बाईंचा आवाज चढला. "नवीन आणायचा? अरे, याला दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत! बरं, जुना देऊन नवा मिळतो का?"

पुंजारामच्या मांडीवर चहा सांडला.

'प्रोसेसर' हा शब्द त्यानं जन्मात ऐकला नव्हता, त्याची उष्णता ओढून घेणारं मलम तर दूरच. प्रोफेसर मात्र त्याला चांगले ठाऊक होते. दर बुधवारी ते याच बूथवरून गाईडना फोन करत आणि तोंड पाडून बाहेर येत. पेशव्यांच्या घरात ध चा मा झाला, इथं स चा फ झाला. बाई गेल्याबरोबर पुंजारामनं शेजारच्या छबूबाईंना गाठलं.

"मावशी, प्रोफेसरचं काय खरं न्हाई. सत्तर डिग्री!"

"सत्तर? मानसाला अठ्ठ्यान्नव असतं म्हनत्यात."

"त्येच म्हनतो ना! अठ्ठ्यान्नवचा मानूस सत्तरवर आला. गार पडत चाललाय."

"आरं, पन बाई तर तापलाय म्हनली."

"तापतोय बी आन गार बी पडतोय!"

"मंग मुदतीचा ताप हाय," छबूबाई ठामपणे म्हणाल्या.

"आन बाईंनी दुसरा बघायला बी घेतलाय," हे पुंजारामनं सांगितलं नाही. बाईमाणसाच्या अब्रूचा प्रश्न होता. त्यानं सरळ वहीतून गाईडचा नंबर काढला आणि पुण्याला फोन लावला. "साहेब, तुमचं ढाकने प्रोफेसर लई शिरेस हायत. भेटायचं आसंल तर येऊन जावा."

संध्याकाळपासून माणसं यायला लागली आणि शनिवारी सकाळी तर रीघ लागली. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत, त्यामुळे ओट्यावर ग्लुकोजचे पुडे, मोसंबी आणि शहाळी यांचा ढीग पडला. प्रोफेसर चार दिवसांची दाढी वाढवून, बनियनवर, तांबारलेल्या डोळ्यांनी पेटीत फुंकर मारत बसले होते. आजारी नाही असं त्यांच्याकडे पाहून कोणी म्हटलं नसतं.

"अहो, मला काही झालेलं नाही! प्रोसेसर तापलाय, प्रोसेसर!"

"सोताचं नाव घ्यून बोलाय लागलं," छबूबाई हळहळल्या. "बरळतंय लेकरू. धरा रं, निजवा त्यास्नी!"

दोघांनी खांदे धरले, एकानं पाय. प्रोफेसर पलंगावर आडवे झाले. छबूबाईंनी कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवली आणि पेटीवरचा पंखा उचलून रोग्याकडे फिरवला. "मानूस इकडं घामाघूम झालाय, आन वारा त्या डबड्याला!"

विजयमालाबाई सगळ्यांना समजावून थकल्या होत्या. ज्याला समजावावं तो त्यांच्याकडे दयेनं पाहून म्हणायचा, "धीर धरा बाई." एवढी माणसं बारा बाय दहाच्या खोलीत उभी, दारं-खिडक्या माणसांनी बंद, आत चहाचं आधण. कोपऱ्यातला आकडा त्र्याहत्तर झाला, शहात्तर झाला. नकाशा अर्ध्यावर, बाराशेपैकी सातशे विहिरी उमटलेल्या.

"पंखा! विजया, पंखा!" प्रोफेसर पलंगावरून ओरडले.

"लावलाय जी तुमच्यावरच," छबूबाईंनी त्यांना दाबून धरलं.

एकोणऐंशीवर पडदा निळा झाला. विहिरी गेल्या. नेमके त्याच वेळी दाराशी गाईड उभे राहिले. हातात पिशवी, धोतर बसच्या धुळीनं मळलेलं. माणसांनी वाट करून दिली.

"ढाकणे," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "कसं वाटतंय?"

"सर," प्रोफेसरांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, "गेला हो. सातशेपर्यंत आला होता. सोमवारपर्यंत आता होत नाही."

"शांत राहा. बोलू नका."

गाईडनी सभोवार पाहिलं. मोसंबी पाहिली, पट्टी पाहिली. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या उघड्या पेटीवर गेली. ते जवळ गेले, वाकले, निळा पडदा वाचला, पेटीत हात घालून चटकन मागे घेतला आणि चटका बसलेलं बोट तोंडात घातलं. आता सगळं उघडं पडणार, असं विजयमालाबाईंना वाटलं. गाईडनी पिशवीतून चौथ्या प्रकरणाची स्वतःकडची प्रत काढली.

"प्रमाणपत्राचा कागद कुठंय?"

"पण सर, नकाशा..." प्रोफेसर उठू लागले.

"जुनाच राहू द्या. झोपा तुम्ही."

त्यांनी खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून झोकदार सही केली. खोलीत कोणाला काही कळलं नाही, पण प्रोफेसरांचा चेहरा असा उजळला की छबूबाई म्हणाल्या, "बगा, मिठाच्या पान्यानं गुन आला!"

गाईड परतीच्या बससाठी निघाले. विजयमालाबाई त्यांना पोचवायला कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत गेल्या. सोमवारचं काम झालं होतं. गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवत होत्या.

"सर, एक सांगायचंय. त्यांना आजार-बिजार काही नाही हो. तो प्रोसेसर तापला आणि लोकांनी..."

"कळलं मला, बोट भाजल्यावर. घरी गेल्यावर तो आधी साडेचारशेवरून तीनशेवर आणा. माझ्या मुलानंही हाच उद्योग केला होता."

"मग तरी तुम्ही सही केलीत?"

गाईड थांबले. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला.

"बाई, काल फोन आला तेव्हा मला बसवेना. माणूस जायला निघालाय आणि आपण त्याला नऊ वेळा परत पाठवलं. म्हणून आज बसमध्ये ते चौथं प्रकरण काढलं. पुण्यापासून वाचायला बसलो, वाटेतलं सुपा कधी गेलं ते कळलं नाही. नकाशात काहीसुद्धा चूक नाही. फार सुंदर काम आहे."

"अहो, मग नऊ वेळा का परत पाठवलंत?"

"आजपर्यंत वाचलंच नव्हतं ना," गाईड खाली मान घालून म्हणाले. मग बसच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता घाईघाईनं मागे वळले. "एवढं मात्र ढाकण्यांना सांगू नका हं. खरोखरचा ताप येईल."