रडायच्या खोलीचा अर्ज

रिकामी, कुलूप घातलेली इमारत दिसली की मुजावर सिस्टरांचं डोकं फिरतं. भर रस्त्यात थांबून त्या इमारतीलाच झापतात. "नुसत्या उभ्या काय राहिलात? काम नको करायला?"

इमारतीलासुद्धा अहो-जाहो. शेवटी बाई पुण्याच्या.

सदाशिव पेठेत आमचा जिना एकच. त्या खाली, मी वर. मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो, त्या एका मोठ्या इस्पितळाचा वॉर्ड सांभाळून. त्यांच्या यजमानांचं रविवार पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. राग मात्र भरपूर.

बंद पडलेलं थिएटर दिसलं की त्या म्हणतात, "अंधार आहे, खुर्च्या आहेत, रात्रपाळीवाल्यांना दुपारी झोपायला द्या की!" लोणी काळभोरच्या रस्त्यावर एक ओस पडलेला जकात नाका होता. तिथे त्यांना ऊसतोडणीच्या बायकांसाठी न्हाणीघर हवं होतं. "ट्रक अडवायला जागा होती, बाईमाणसाला अंघोळीला नाही?" मांजरी गावाजवळ बिल्डरने अर्धवट सोडलेला सहा मजल्यांचा सांगाडा पाहून तर म्हणाल्या, "सगळे जिने तयार आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांना चढायला शिकवा."

अर्ज लिहायचं काम माझं, कारण माझं अक्षर बरं. एकदा मी "नम्र विनंती" लिहिलं तर कागद टरकन फाडला. "विनंती कसली? 'कळवण्यात येते' लिहा."

अर्थात यातल्या एकाही अर्जाचं उत्तर आलं नाही. उत्तर आलं ते एकाच अर्जाचं, आणि तेही "समक्ष भेटावे" एवढंच.

आमच्या पेठेत एका खाजगी इस्पितळाला लागून एक बंद सरकारी वाचनालय होतं. त्यातली एक खोली सिस्टरांनी मागितली होती. कचेरीतल्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"खोली कशासाठी म्हणालात?"

"रडायला."

साहेब हसले. तिथेच चुकले.

"अहो बाई, रडायला खोली कशाला लागते? माणूस कुठेही रडतो."

"कुठे? तुम्ही दाखवा!" सिस्टर उठून उभ्या राहिल्या. "वॉर्डात रडलं तर पेशंटांना त्रास. जिन्यात रडलं तर, बाजूला व्हा, स्ट्रेचर येतंय. घरी जावं तर घरी म्हातारी आई, तिला अजून कुणी सांगितलेलं नसतं. लग्नाला कार्यालयं आहेत, वाढदिवसाला हॉल आहेत, मोटारींना तर मजलेच्या मजले! आणि ज्याचं माणूस आत्ता गेलंय त्याने कुठे जायचं? पानाच्या टपरीमागे?"

"हे नियमात बसत नाही."

"मग नियमाला जरा सरकून बसायला सांगा!"

शिपायाने आम्हाला बाहेर काढलं. पुढचे कित्येक सोमवार सिस्टर त्या केबिनबाहेरच्या बाकावर बसल्या. साहेब चहाला निघाले की त्या उभ्या राहायच्या. एक शब्द बोलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. अखेर एका सोमवारी साहेबांनी स्वतः बाहेर येऊन किल्ली दिली. कागदोपत्री नाव "नागरिक विश्रांती कक्ष". "काहीही म्हणा," सिस्टर म्हणाल्या, "रडणारा काही पाट्या वाचत नाही."

खोली आम्ही दोघांनीच धुतली. मी विचारलं, "हे तुम्हाला सुचलं कसं?"

त्या खिडकीचे गज पुसत होत्या. पुसतच राहिल्या.

"यजमान गेले ते आमच्याच इस्पितळात. मी ड्यूटीवर होते. माझ्या वॉर्डात मी कशी रडणार? पेशंट माझ्या तोंडाकडे बघून धीर धरायचे. औषधांच्या खोलीत गेले, तर तिथे दोघीजणी डबा खात बसलेल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. म्हणाल्या, या सिस्टर, जेवायला." त्यांनी फडकं पिळलं. "मग काय, बसले. जेवले."

मी रिकामी बादली हातात घेऊन उभा.

"बघत काय उभे राहिलात?" त्या कडाडल्या. "बादली भरून आणा!"

खोली उघडली, पण दोन आठवडे कुणी फिरकलं नाही. नंतर एका सकाळी भाजी घेऊन येताना मला वाचनालयासमोर आरडाओरडा ऐकू आला. सिस्टर दारासमोर उभ्या राहून एका स्कूटरवाल्याला फाडून खात होत्या. गाडी रस्त्यात लावलीच कशी, अक्कल आहे का, शिकलेली दिसता तुम्ही माणसं!

"मावशी, काढतो ना गाडी," तो बिचारा म्हणत होता.

"काढू नका! आधी माझं ऐका!"

मी जवळ गेलो आणि मला दुसरा आवाज ऐकू आला. खोलीच्या खिडकीला काच नव्हती. आत कुणीतरी पुरुषमाणूस मोठ्याने, लहान मुलासारखा हुंदके देत होता. सिस्टर क्षणभर दम घ्यायला थांबल्या की तेवढा आवाज गल्लीत यायचा. जाणारे-येणारे खिडकीकडे वळून पाहायला लागायचे. लगेच सिस्टर पुन्हा सुरू. त्यांचा घसा बसत चालला होता.

स्कूटरवाल्यानेही तो आवाज ऐकला असावा. त्याने खिडकीकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली खिशात टाकली. "नाही काढत, जा! काय कराल?" तो ओरडला.

मी भाजीची पिशवी कठड्यावर ठेवली, जन्मात कधी चढवला नव्हता तेवढा आवाज चढवला आणि म्हणालो, "अहो, तुम्ही पेठेत राहता का जंगलात?"