रामटेकेंची हरणारी टीम

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही नवरा-बायको गुडगावात फ्लॅट बघायला गेलो होतो. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर ह्यांच्या रिटायरमेंटनंतर सोडावं लागणार, म्हणून ही पायपीट. कॉलनी नवी कोरी, पण पडदे लागले होते जेमतेम चार-पाच घरांना. डीलर सांगत होता, "भाईसाहब, बिल्कुल शांत जगह है." तेवढ्यात वरून कोणीतरी भोंग्यातून चक्क मराठीत ओरडलं, "पळ रे पळ! घरी ये! अरे घरी ये ना बाप्पा!"

मी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत, पिवळा प्लास्टिकचा भोंगा तोंडाला लावून, पूर्वेकडे तोंड करून, आमच्या कारखान्यातले रामटेके उभे होते. खाली चिटपाखरू नव्हतं.

"अहो रामटेके, कोणाला बोलावताय?"

"मॅच चालू आहे ना जी, ताई. बेसबॉलची."

"कुठे?"

"जपानात. आपले साडेनऊ म्हणजे तिकडे दुपारचा एक."

रेडिओ नाही, टीव्ही नाही. मी विचारलं, "मग तो पळतोय हे तुम्हाला कळतं कसं?"

"कळत नाही. अंदाजानं ओरडतो," रामटेके म्हणाले आणि पुन्हा ओरडायला लागले. ह्यांनी तिथल्या तिथे फ्लॅटचा विचार सोडला.

आमचा कारखाना मानेसरला. गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवायचे, जपानी कंपनीच्या भागीदारीत. नवीन नवीन भागीदारी झाली तेव्हा क्वालिटीतल्या रामटेकेंना तीन महिने तिकडे शिकायला पाठवलं होतं. भंडाऱ्याकडचा हा माणूस, पन्नाशीला आलेला, लग्नाचं राहून गेलेलं, तोंडातून शब्द निघायची मारामार. तिकडच्या कारखान्याची स्वतःची बेसबॉल टीम होती. सकाळी मशीनवर उभे राहणारे कामगारच दुपारी खेळायचे. पहिल्याच रविवारी तिथल्या फोरमननं रामटेकेंना मैदानावर नेलं, आपल्या डब्यातलं खायला घातलं आणि हातात भोंगा दिला. झालं! माणूस जो कामातून गेला तो गेलाच.

बरं, टीम तरी जिंकणारी असावी! सोमवारी सकाळी जपानहून फॅक्स यायचा. फॅक्स माझ्या टेबलावर. वर आमच्या मालातल्या चुकांची भलीमोठी यादी, आणि अगदी खाली फोरमननं खास रामटेकेंसाठी पेनानं लिहिलेलं असायचं, "शून्य-अकरा. सॉरी." पुढच्या सोमवारी, "एक-नऊ. सॉरी." रामटेके चहाच्या सुट्टीत हजर. कागद वाचायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "थोडक्यात गेली ना जी."

शून्य-अकरा आणि म्हणे थोडक्यात! मला असा राग यायचा.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसलं की स्टोअरचा चड्ढा पुढच्या सीटवरून ओरडायचा, "क्या हुआ रामटेके, फिर हारे?" सगळी बस हसायची, आणि रामटेके उठून मधल्या वाटेत उभे राहायचे. चार डबे मांडून मैदान दाखवायचे. हा डबा सोडून त्या डब्याकडे पळायचं, तिथून पुढच्याकडे, आणि शेवटी जिथून निघाला तिथेच परत; त्यालाच म्हणे 'घर' म्हणतात.

"परत तिथेच यायचं तर जायचं कशाला?" मी विचारायची.

"गेल्याशिवाय परत कसं येणार, ताई?"

"आणि ओव्हर किती?"

"ओव्हर नसतात."

"मग संपतं कधी?"

"संपलं की संपतं."

माझं डोकं गरगरायचं. पण खरं सांगते, सोमवारची ती अर्धी वाट रामटेके वेगळेच असायचे. मंगळवारपासून पुन्हा मागच्या खिडकीशी गप्प. त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, त्यांनाही सुचायचं नाही.

अशी चार वर्षं गेली. मग एका सोमवारी फॅक्सच्या खाली आकडेच नव्हते. फोरमननं चार ओळी लिहिल्या होत्या. कंपनी खर्च कमी करते आहे, टीम बंद केली आहे, रामटेके-सानना सॉरी सांगा.

मी कागद हातात घेऊन बसले. हे त्या माणसाला सांगायचं कसं? तेवढ्यात रामटेके समोर. "ताई, आलं?"

मी फॅक्स पटकन ड्रॉवरमध्ये सरकवला. तोंडातून निघून गेलं, "जिंकले!"

"जिंकले? कितीनं?"

आता आली का पंचाईत! "चार गडी राखून," मी ठोकून दिलं.

रामटेके माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं बरं," आणि गेले.

संध्याकाळी चड्ढानं नेहमीची आरोळी दिली. रामटेके म्हणाले, "नहीं जी. जीत गये." बसमध्ये नुसता गोंधळ. शिट्ट्या काय, टाळ्या काय! ड्रायव्हरनंसुद्धा हॉर्न वाजवला. "पार्टी! पार्टी!" चड्ढा ओरडला. रामटेके म्हणाले, "तो संडे को मेरे घर आइये. सब लोग."

रविवारी आम्ही आठ जण गेलो. रामटेकेंनी डीलरच्या ऑफिसातून खुर्च्या मागून आणल्या होत्या. पाटवड्यांचा रस्सा इतका केला होता की चाळीस माणसं जेवली असती. मला काही चैन पडेना. स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, "रामटेके, मी खोटं बोलले. तुमची टीम—"

"माहीत आहे, ताई. फोरमनचं पत्र आलं होतं मला, आधीच."

मी थक्क. "मग त्या दिवशी विचारायला कशाला आलात?"

"सवयीनं आलो ना जी. तुम्ही जिंकले म्हणालात. म्हटलं, या निमित्तानं एकदा तरी लोक घरी येतील. चार वर्षांत कोणी आलं नाही." ते रस्सा ढवळत राहिले. "आता मॅच नाही. मग बसमध्ये माझ्याशी कोण कशाला बोलेल?"

मला इतकं वाईट वाटलं की मी चिडलेच. "बाहेर जा आणि सांगून टाका सगळ्यांना! मी आता एकही सोमवार खोटं बोलणार नाही. मला तुमच्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, आणखी किती गडी राखू?"

रामटेके पातेलं घेऊन बाहेर गेले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "टीम बंद हो गयी. जीते भी नहीं थे. माफ करना."

चड्ढानं हातातली वाटी खाली ठेवली.

"मतलब, अब वो डब्बेवाला खेल नहीं समझना पडेगा?"

"नहीं."

"शुकर है यार! चार साल में एक अक्षर पल्ले नहीं पडा."

रामटेके पार गोंधळून गेले. "तो हर सोमवार पूछते क्यों थे?"

"तू और किसी बात पे बोलता ही कहाँ था?" चड्ढा म्हणाला. "तेरे से बात करनी थी, और क्या!"

रामटेकेंचे डोळे भरून आले. पातेलं दोन्ही हातांत, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. शेवटी चड्ढानंच उठून ते त्यांच्या हातातून घेतलं आणि वाढायला सुरुवात केली.