चादरीखालची तीन बोटं

टेबलावर एक चादर होती. चादरीखाली पितळेच्या पाच थाळ्या, प्रत्येक थाळीत पाच तोळे कापूस. भिंतीला लागून दोन बाकं, बाकांवर सात माणसं. सहांच्या डोक्याला पटके, एकाच्या टोपी. घड्याळात साडेतीन. सहाच्या भोंग्याला अडीच तास.

भालचंद्रने हे वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. रेघ मारली की त्याला जरा धीर यायचा. आज आला नाही.

हैदराबादेहून बी.एस्सी. होऊन तो जालन्याच्या या जिनिंग कारखान्यात मदतनीस व्यवस्थापक म्हणून लागला, त्याला पंधरवडा झाला होता. पगार निजामी चलनातले पन्नास हाली रुपये, नेमणूक टपालाने. तो आला आणि फाटकावरचा जुना कापूसपारखी ऐन हंगामात दुसऱ्या कारखान्यात गेला. आठवड्यात ओला कापूस आत शिरला, गंजी आतून तापली आणि धुपायला लागली. मालक काकासाहेबांनी गंजीत हात घालून चटका घेतला, आणि तोच हात भालचंद्रपुढे नाचवला.

"उद्या जाफराबादकडच्या साठ गाड्या येऊन राह्यल्या. भोंग्यापर्यंत मला एक पारखी पाहिजे. एकच. वीसच्या वर रुपाया न्हाई. अन् चुकीचा मानूस घेतला, तर तुमचंबी काही खरं न्हाई."

म्हणून ही परीक्षा. तिसऱ्या थाळीवर भालचंद्रने पाणी शिंपडलं होतं. ओली थाळी डोळ्यांनी ओळखू येऊ नये म्हणून चादर. बाकावरच्यांनी ऐकू नये म्हणून उत्तर बोटांनी. आर्द्रता आणि तंतू यांवर तो दहा मिनिटं बोलला. सात चेहऱ्यांवर आदर पसरला, अर्थ मात्र एकावरही उमटला नाही.

"थोडक्यात," तो घाम पुसत म्हणाला, "हात चादरीखाली घालायचा. तोंडाने बोलायचं नाही. आकडा माझी बोटं दाबून सांगायचा."

बाकांवर जीव आला. "मंग हे आधीच सांगायचं ना साहेब!" पुंजाराम म्हणाला.

पहिला आला वडीगोद्रीचा कचरू. त्याने हात आत घातला, भालचंद्रची तीन बोटं घट्ट दाबली आणि डोळ्याला डोळा भिडवला.

"बरोबर!"

"पक्कं?"

"अगदी पक्कं."

कचरूने चादरीचं टोक कपाळाला लावलं. भालचंद्रने लिहिलं : 'कचरू, तीन. हात अत्यंत हलका. थाळी वाजलीसुद्धा नाही.'

पुंजारामने चार दाबली. भालचंद्रने मान हलवली. पुंजारामने सुस्कारा टाकून एक बोट सोडलं. "बरोबर!"

टोपीवाल्या श्रीपतीने दोनच दाबली. भालचंद्रने मान हलवली. श्रीपतीला काही कळेना. त्याने भीत भीत तिसरं बोट धरलं.

"बरोबर!"

"साहेब," श्रीपतीच्या डोळ्यांत पाणी आलं, "तुमच्यासारखा मानूस न्हाई पाह्यला."

भालचंद्र वहीत लिहीत असताना बाकावर कुजबूज झाली, आणि बाकीच्या चौघांनी एकेक करून येऊन तीनच दाबली. सातांपैकी सात. दोघांच्या दुरुस्त्या सोडल्या, तर नुसत्या अंदाजाने असं घडण्याची शक्यता भालचंद्रने काढली : अठ्ठ्याहत्तर हजार एकशे पंचवीसात एक. नेमायचा मात्र एकच होता, आणि घड्याळात पाच वाजले होते.

त्याने सगळ्यांना बाहेर काढलं, ओला कापूस पहिल्या थाळीत टाकला, तिथला तिसरीत, आणि कचरूला पुन्हा बोलावलं. कचरूने पुन्हा तीन दाबली.

"चूक. आता हे." भालचंद्रने समजावण्यासाठी कचरूचं एक बोट दाबलं.

विंचू चावल्यासारखा कचरूने हात ओढला. "घंट्याभराआधी तीन म्हनले, आता एक?"

"परिस्थिती बदलली आहे."

"घंट्याभरात?"

"मीच बदलली!"

कचरू दारात जाऊन ओरडला, "अरे, साहेब सौदा मोडून राह्यले रे!"

सातही जण आत घुसले. "जबान म्हंजी काय खेळ हाय?" "आमी काय भीक मागाया आल्तो?" पुंजाराम म्हणाला, "आडत्यांच्या कानावर घालतो. उद्या एक गाडी या फाटकात आली तर सांगा!"

गलका ऐकून तुळजाबाई आली. ती कारखान्यात कापसातला कचरा वेचायची.

"साहेब, फडक्याखाली कशाला हात घातला? बैलाचा, कापसाचा सौदा तसाच असतो. एक बोट म्हंजी दहा रुपये. तुमी सात मानसं तिसा-तिसावर ठेवली."

"पण त्यांनी ओली थाळी तर ओळखली!"

तुळजाबाईने चादर बाजूला केली आणि थाळ्यांवरून हात फिरवला. "ओला हा, पहिला. आधी तिसऱ्या थाळीत व्हता, तिचं बूड अजून ओलं हाय. अन् बाकीच्या तिन्हीला कोन्ही बोटबी लावलं न्हाई."

तेवढ्यात भोंगा झाला, आणि भोंग्याबरोबर काकासाहेब आत आले. त्यांनी टेबल पाहिलं, चादर पाहिली, सात माणसं पाहिली. त्यांना सांगावं लागलं नाही.

"कितीला?"

"तीन," सातही जण म्हणाले.

"म्या दोनच मागितले व्हते मालक," श्रीपती प्रामाणिकपणे म्हणाला. "साहेबांनीच वाढवले."

तीस वर्षांत काकासाहेबांनी फडक्याखालचा शब्द मोडला नव्हता, आणि उद्या साठ गाड्या येणार होत्या.

"झाला सौदा. हंगामभर सातही जन गाठी उचला. तुळजाबाई, सकाळपून फाटकावर तू. हात घाल."

तुळजाबाईने चादरीखाली हात घातला. काकासाहेबांची भुवई चढली, थोडा वेळ तशीच राहिली, मग मान हलली.

"बराबर," ते म्हणाले. "आता तुमी, भालचंद्रराव. तुमचा सौदा कागदावर झाल्ता. आन् या सातांचा खर्चा कुठून तरी काढावा लागंल ना?"

"काकासाहेब, मी समजावून—"

"तोंडानं बोलायचं न्हाई."

भालचंद्रने हात घातला. काकासाहेबांनी आधी पाचही बोटं मुठीत धरली. मग करंगळी सुटली. मग दुसरं सुटलं. तिसरंही सुटलं.

मग बराच वेळ काही सुटलं नाही.

त्याने मोकळ्या हाताने वही जवळ ओढली आणि लिहिलं : 'भालचंद्र, दोन.'