सीपीयूचं झबलं

इंजिनाचा आवाज ऐकून त्याचा आजार सांगणारा माणूस पुसद तालुक्यात एकच, आणि तो मी! एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली. घरातल्या कॉम्प्युटरचं काय बिघडलं, हे मला दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

हा कॉम्प्युटर माझ्या बायकोचा, ममताचा. ती त्यावर गल्लीतल्या बायांचे फॉर्म भरून द्यायची. तिला जाऊन रविवारी वर्ष होणार होतं. त्या दिवशी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जमणाऱ्या लोकांना तिचे फोटो दाखवायचे, असं मी ठरवलं होतं. सगळे फोटो त्याच कॉम्प्युटरमध्ये. पण तो दहा मिनिटं नीट चालायचा आणि मग खटकन बंद! अर्धा तास बसू दिला की पुन्हा दहा मिनिटं.

ममताची मोठी बहीण इंदूबाई फोनवर म्हणाली, "जवाईबापू, जमत नसन तर तसं सांगा. माही बहीण तर गेली, तिचे फोटो तरी नका घालवू!"

हे मला लागलं. मी सरळ लखीरामचं कॉम्प्युटरचं दुकान गाठलं.

"लखीराम, या मशीनले नवीन काय लावलं म्हणजे पैसा वसूल होईन?"

"काका, रॅम वाढवा, नाही तर एसएसडी टाका. एसएसडीनं जुनं मशीनही पळते. पण आधी सीपीयू घेऊन या. बंद काहून पडून राह्यलं ते पाहू."

"सीपीयू येणार नाही."

"काहून?"

आता त्याला काय सांगू! ममतानं सीपीयूला जुन्या साडीचं फुलाफुलांचं कव्हर शिवलं होतं. ती त्याला झबलं म्हणायची. ती गेली त्या दिवशी ते जसं होतं तसंच मी राहू दिलं. कापडावरून बटण चाचपायचं आणि दाबायचं. तिनं घातलेलं मी काढणार नव्हतो.

"बाहेरून लागते असं काही सांग," मी म्हणालो.

"बाहेरून? आजारी माणसाले नवी टोपी घालून काय होते, काका?"

"तू मले शिकवतं काय? एकतीस वर्षं मी..."

"बरं, बरं!" त्यानं हातच जोडले.

मी तिथल्या तिथं हिशेब लावला. रॅम आत, एसएसडी आत. दोन्ही बाद! राहिला स्क्रीन. मोठा स्क्रीन घेतला तर शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही ममता स्पष्ट दिसेल. यापेक्षा पैसा वसूल काय असतो?

घरी आणून जोडला. दहा मिनिटांनी खटकन बंद! आधी लहान अंधार व्हायचा, आता चांगला ऐसपैस झाला.

मग मला शोध लागला की दोष लाइटीचा आहे. पुन्हा लखीरामकडे गेलो आणि बॅटरी बॅकअप आणला. त्यानं पुन्हा सीपीयू मागितला, मी पुन्हा एकतीस वर्षं सांगितली. आता कॉम्प्युटर बंद पडायचा आणि बॅटरी ठणठणीत राहायची.

शनिवारी मी वेगळी युक्ती काढली. फोटो चाळीस. दर फोटोला पंधरा सेकंद. बरोबर दहा मिनिटं! मशीन सुधारायची गरजच नाही.

रविवारी सकाळी केसांना काळा रंग लावला, कारण ममताला माझे पांढरे केस आवडत नसत. पांढरा शर्ट घातला. माणसं जमली, घर भरलं. ऐन वेळी घोटाळा नको म्हणून मी कॉम्प्युटर आधीच सुरू करून ठेवला. त्यानंतर बुद्धवंदना झाली. तिलाच नऊ-साडेनऊ मिनिटं लागली!

तिसऱ्या फोटोत ममता हसत होती. खटकन बंद.

इंदूबाईनं पदर तोंडाला लावला. तेवढ्यात मागं बसलेला लखीराम दिसला.

"लखीराम!" मी ओरडलो. "दोन वस्तू विकल्या, दोनही बोगस! मेलेल्या बाईच्या कार्यातही फसवतं काय?"

तो उभा राहिला. त्यानं नुसती मान खाली घातली.

तेवढ्यात श्रावणचा आवाज आला. श्रावण आमच्या डेपोचा जुना ड्रायव्हर. तो पुढंच बसला होता आणि त्याचा हात झबल्यावर होता.

"मिस्त्री, इंजिन तापलं ना हे!"

त्यानं झबलं ओढलं. "हात नको लावू! ममतानं घातलं ते!" मी पुन्हा ओरडलो.

इंदूबाई हळूच म्हणाली, "बापू, चालू करायच्या आधी ती झबलं काढे. काम झालं की घाले. तुमी वर्षभर चालू मशीनले घालून ठेवलं?"

लखीराम पुढं आला, त्यानं बाजूचं झाकण उघडलं. पंख्यावर धुळीची ही जाड गादी! जिनिंग कारखान्यातला कापूस बरा.

श्रावण म्हणाला, "मिस्त्री, माह्या गाडीच्या रेडिएटरची जाळी अशीच धुळीनं भरलेली सापडलती, तेव्हा तुमी मले सगळ्या डेपोसमोर काय म्हणलं होतं?"

"राहू दे, श्रावण."

मी म्हणालो होतो, "धूळ कशी झाडतेत ते बायकोले तरी विचार!"

लखीरामनं दुकानातून ब्रश मागवला आणि धूळ साफ केली.

"लखीराम, मी मघाशी जे बोललो..."

"राहू द्या, काका. काकूही माह्याच दुकानातून ब्रश नेत होत्या. दर रविवारी मशीन साफ करा लागते म्हणत."

दर रविवारी! मी घरातच असायचो की.

फोटो सुरू झाले आणि चाळीसच्या चाळीस चालले. शेवटचा आमच्या मुलीनं काढलेला होता. ममता खाली बसलेली, झबलं खांद्यावर, हातात लाल लोकर बांधलेला ब्रश, सीपीयू उघडा. मागं खुर्चीत मी, तंगड्या पसरून पेपर वाचतोय. स्क्रीन मोठा घेतल्यामुळं मी कोणतं पान वाचत होतो तेही शेवटच्या रांगेपर्यंत दिसलं. पैसा वसूल!

"तो लाल लोकरीचा ब्रश कुठी हाय, बापू?" इंदूबाईनं विचारलं. "तिची आठवण म्हणून मले द्या."

"असन कुठीतरी," मी म्हणालो.

तो न्हाणीत होता. वर्षभर तिथंच आहे. सकाळी मी डोक्याला रंग लावला तो त्यानंच.