शकुकाकूंचा अम्पायर

टीव्हीवरच्या क्रिकेट सामन्यात एका खेळाडूने झेल घ्यायला झेप घेतली, तेव्हा शकुकाकू सोफ्यावरून त्याला म्हणाल्या, "हळू बाप्पा, पडशीन." तो पडलाच. झेल घेऊन पडला, मैदानभर टाळ्या वाजल्या. काकूंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. "पाह्य. सांगतलं तं ऐकत नाहीत."

हिंदी मुलखातल्या या शहरात, तात्यापाऱ्यात, आमची मराठी घरं शेजारीशेजारी आहेत. काका रेल्वेत होते. वर्ध्याहून बदली होऊन आले आणि इथलेच झाले. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. मुलगा मंगेश शहराबाहेर उरल्याच्या एका कारखान्यात आहे, सून पल्लवी बँकेत. दोघं सकाळी नऊला निघतात ते रात्री आठला परततात. शाळेची वेळ सोडली तर मधल्या वेळात घरात काकू आणि त्यांचा पाच वर्षांचा नातू ओजस. हे नाव पल्लवीने इंटरनेटवरून शोधून काढलं होतं. अर्थ तेज, बळ वगैरे. हे बळ काकू कडेवर घेऊन जिना चढायच्या.

काकूंच्या वैद्यकशास्त्रात घाम हा आजार होता. दर पाच मिनिटांनी त्या ओजसच्या सदऱ्यात मागून हात घालून पाठ चाचपायच्या. ओली लागली की खेळ बंद. मग पाठीला पंचा, समोर शिऱ्याची वाटी आणि हातात मोबाइल. "पंख्याखाली बस, वारं लागू दे," म्हणायच्या, आणि स्वतःही शेजारी बसायच्या.

माझी जुही त्याच्याच वयाची. ती आणि गल्लीतली चारपाच पोरं रोज चार वाजता कोपऱ्यावरच्या बगिच्यात जातात. सुरुवातीला ती सगळी ओजसच्या दारात उभी राहून हाका मारायची. काकू त्याला पाठवायच्या, पण सोबत स्टूल घेऊन. बगिच्यात स्टूल ठेवायच्या, त्यावर त्याला बसवायच्या आणि पोरांना सांगायच्या, "हा तुमचा अम्पायर. सगळ्यायचं ध्यान ठेवन."

पोरांना ते पटलं. लपाछपीला अम्पायर, पकडापकडीला अम्पायर. ओजस स्टुलावर बसून पाय हलवायचा. पुढे पुढे तो जबाबदारीने काम करू लागला. कोणी जोरात पळालं की हात वर करून म्हणायचा, "ए, दौड़ो मत, गिर जाओगे." आवाज काकूंचा, भाषा हिंदी.

अशा अम्पायरला कोण किती दिवस बोलावणार? एक दिवस जुही त्याच्या दारासमोरून तशीच पुढे गेली. मी विचारलं, "ओजसला काहून नाही बोलावलं?"

"वो खेलता ही नहीं मम्मी. बस डाँटता है."

मी म्हटलं, बरं. मी तिला परत पाठवायला हवं होतं. पण मीही तेव्हा हातात मोबाइल घेऊन बसले होते.

त्या हिवाळ्यात शाळेत छोट्यांची बेडूकउड्यांची शर्यत होती. मी आणि काकू शेजारी बसून पाहत होतो. शिट्टी वाजली, सगळे बेडूक निघाले. ओजस रेषेवर तसाच बसून राहिला आणि वळून आमच्याकडे पाहू लागला. मी हाताने 'जा जा' केलं. काकूंचाही हात वर होता, पण पंजा त्याच्याकडे उघडा. आपण हात वर केलाय हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. शर्यत संपली. बाईंनी त्याला उचलून बाजूला आणलं.

पुढच्या महिन्यात त्याला एक मजला चढताना धाप लागली. डॉक्टरांनी वजन पाहिलं, छाती तपासली आणि मंगेश-पल्लवीला विचारलं, घरात याच्याबरोबर पळतं कोण? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, औषध देत नाही, पळणारं माणूस द्या.

मंगेशने दोन रविवार चेंडू टाकला. तिसऱ्या रविवारी त्याला ओव्हरटाइम लागला. पल्लवी आठला येऊन स्वयंपाकाला लागायची. राहता राहिल्या काकू.

सोमवारी दुपारी चारला पदर खोचून काकू बगिच्यात गेल्या आणि घसरगुंडीच्या शिडीवर चढल्या. वय सहासष्ट. पोरं खेळ थांबवून उभी राहिली. वर पोचल्यावर काकूंनी दोन्ही कठडे धरले, डोळे मिटले आणि स्वतःला सोडून दिलं. अर्ध्यात अडकल्या, तर जुहीने पाय ओढून त्यांना खाली घेतलं. उठून साडी झटकत त्या ओजसला म्हणाल्या, "पाह्य, काही होत नाही. आता तू."

ओजस रडत होता. त्याने त्यांचा पदर मुठीत धरला होता. "आजी, घर चलो."

दहा दिवस काकू घसरल्या. ओजस शिडीच्या पहिल्या पायरीवरही चढला नाही. अकराव्या दिवशी गुडघा सुजला. मग काकूंनी पोरांना चॉकलेटं देऊन पाहिली, "ह्याले घ्या रे खेळात." पोरांनी चॉकलेटं खाल्ली, त्याला घेतलंही. पाच मिनिटांत तो परत येऊन काकूंच्या मांडीला टेकला.

परवा संध्याकाळी त्या माझ्या ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या. ओजस त्यांच्या घरात टीव्ही पाहत होता.

"वैशाली, एक सांगू का वं," त्या म्हणाल्या. "तो पडन, ह्याचं मले काही भेव नोहतं. मंगेश तं झाडावरून पडे. मी पाहत बी नोहती."

"मग काहून असं केलं काकू?"

त्यांनी वाटीतलं तेल पुन्हा गुडघ्यावर ओतलं.

"काका गेले, ते दोघं ड्यूटीवर. हा पोट्टा पळायले लागला असता, तं पोट्ट्यायसंग गेला असता. आठ वाजेपर्यंत त्या घरात मी कोणासोबत बोलली असती?" तेलाची वाटी त्यांनी बाजूला ठेवली. "आता तो माह्याजवळून हालतच नाही. मले पाहिजे होतं तसंच झालं."



आतून ओजसची हाक आली, "आजी, कहाँ हो?"

"इथं आहो रे, वैशालीकाकूच्या ओट्यावर. ये."

त्यांच्या दारापासून माझ्या ओट्यापर्यंत वीस पावलं असतील. आम्ही दोघी दाराकडे पाहत राहिलो. टीव्ही बंद झाल्याचं कळलं. मग पुन्हा हाक, "आजी, तुम आओ ना."

काकू बसून राहिल्या. तिसरी हाक आली, ती रडवेली होती. त्यांनी भिंतीला हात लावला, दुखता पाय आधी खाली सोडला आणि निघाल्या.