पहिली रिक्षा सोडणारा घाडी

आमच्या मुलुंडात विचारल्याबरोबर 'बसा' म्हणणारा रिक्षावाला भेटणं हा दुर्मीळ योग आहे. घाडीला तो भेटला, की घाडी त्याला सोडून देतो. "तू जा," म्हणतो, आणि नकार देणारे तिघे-चौघे भेटेपर्यंत उन्हात उभा राहतो. एकदा मी बरोबर होतो. रिक्षावाल्याने माझ्याकडे, पेशंटच्या नातेवाइकाकडे पाहावं तसं पाहिलं.

विश्वनाथ घाडी तीस वर्षं माझ्या समोरच्या दारात राहतो. मूळचा मालवणकडचा, एका औषधकंपनीत फिटर होता, आता माझ्यासारखाच निवृत्त. त्याचं म्हणणं असं, की नशीब प्रत्येक घराला ठरावीक मिळतं, गॅसच्या सिलिंडरसारखं. आत किती उरलंय ते दिसत नाही, म्हणून फुटकळ गोष्टींवर संपवायचं नाही. "उगाच जाळू नको," हे त्याचं पालुपद.

हे खूळ जुनं नाही. त्याची एकुलती एक मुलगी शरयू मालाडला असते. दोनदा तिला दिवस गेले, दोन्ही वेळा मूल हाती लागलं नाही. तिसऱ्यांदा बातमी आली, त्या दिवसापासून घाडीने घरातलं सगळं नशीब तिच्यासाठी राखून ठेवलं.

सोसायटीच्या ऑफिसात आम्ही दुपारी कॅरम खेळतो. घाडीला मी जन्मात हरवलं नव्हतं. अचानक लागोपाठ अकरा डाव जिंकलो. खेळ सुधारला म्हणून मी लोकांना स्ट्रायकर कसा धरावा ते सांगू लागलो होतो. बाराव्या डावात राणी भोकाच्या तोंडाशी असताना घाडीने स्ट्रायकर भलत्याच कोपऱ्यात मारला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गणपतीतल्या सोडतीत लागलेला मिक्सरही त्याने परत केला. तो आता अध्यक्षांकडे आहे.

पुढे इमारत पाडून नवी बांधायची ठरली. घरं सगळी सारखी, पण मजले आणि दिशा वेगळ्या. म्हणून चिठ्ठ्या. सभेला लोक लग्नाला यावेत तसे इस्त्रीचे कपडे घालून आले. अध्यक्ष पारदर्शकतेवर वीस मिनिटं बोलले आणि त्यांनी स्टीलचा डबा उघडला. घाडीने तळाची, सगळ्यात चुरगळलेली चिठ्ठी शोधून काढली. अकरावा मजला, डोंगराची बाजू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घाडी मटकन खुर्चीत बसला. मला पहिला मजला मिळाला, ट्रान्सफॉर्मरसमोरचा.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. माझं घर त्याला हवं होतं, त्याचं मी घ्यायचं. मी त्याला शक्यतांचं गणित समजावलं. नाणं उडवलं की मागे काय पडलं होतं ते नाण्याला आठवत नाही, वगैरे. मनातलं बोलायचं झालं की घाडी मालवणीत शिरतो.

"नाण्याक मुलगी नसता रे, दामल्या."

तरीही मी नाही म्हणालो. मित्राच्या भीतीच्या जोरावर अकरावा मजला गाठणं मला बरं वाटेना. तिसऱ्या दिवशी घाडीवहिनी आल्या. "भावोजी, घ्या ते घर," म्हणाल्या. "शरयूला सातवा लागलाय. हे दोन दिवस जेवले नाहीत." मी अदलाबदलीच्या कागदावर सही केली, तो जेवावा म्हणून. डोंगर मनात नव्हताच, असं नाही.

शरयूला मुलगी झाली. दोघी सुखरूप. याचा चिठ्ठीशी काही संबंध नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मग डोंगर माझ्या वाट्याला कोणाच्या नशिबाने आला, एवढंच मला सांगता येत नाही.

घाडी पेढे घेऊन आला, तेव्हा बिल्डरबरोबरचे करार अजून व्हायचे होते. मी तो कागद काढून त्याच्यासमोर धरला. म्हटलं, "फाड हा. काम झालं तुझं."

त्याने कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली.

"काम खंय झाला? आता तर ती इली. तिका अख्खा आयुष्य काढूचा आसा."

त्यातलं किती तुला बघायला मिळणार आहे, असं मी विचारणार होतो. पण तो पेढ्यांचा पुडा उघडत होता. वाटेत एक पेढा फुटला होता. तेवढा त्याने स्वतःसाठी बाजूला काढला आणि पुडा माझ्यापुढे धरला.